वायफायचे शब्द समजून घ्या, फोन हातात धरून, एकेक पायरीने

वायफायमध्ये काही बिघडलं की आपल्याला दोनच गोष्टी माहीत असतात, राउटर बंद-चालू करणे आणि वाट बघणे. मग कस्टमर केअरवाला विचारतो एसएसआयडी काय आहे, आयपी मिळतोय का, कुठल्या बँडवर आहात, आणि आपल्याला त्यातलं निम्मं कळतच नाही. खरं तर हे शब्द अवघड नाहीयेत, अडचण एवढीच की ते आपल्या कानावर तुकड्यातुकड्याने पडतात आणि कुठला शब्द कुठे बसतो ते कुणी सांगत नाही. म्हणून इथे शब्द अकारविल्हे न घेता, फोनमधून निघालेला डेटा ज्या वाटेने बाहेर जातो त्या वाटेनेच घेतलेत. वाचताना फोनच्या सेटिंग्जमधलं वायफायचं पान उघडून ठेवा, यातलं बरंचसं तिथेच दिसतं.

पायरी १ : आधी वायफाय आणि इंटरनेट वेगळं करा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि हे एकदा डोक्यात बसलं ना की पुढचं सगळं सोपं जातं. वायफाय म्हणजे तुमचा फोन आणि राउटर यांच्यामधला रेडिओचा दुवा, बस. त्याच्या पुढे, म्हणजे राउटरपासून कंपनीपर्यंत आणि तिथून जगभर, ते इंटरनेट. फोनवर वर जो पंख्यासारखा आयकॉन दिसतो तो फक्त पहिल्या टप्प्याबद्दल बोलतो. म्हणून पट्ट्या फुल असतात आणि तरी पान उघडत नाही, यात फोन खोटं काही बोलत नाहीये, राउटरपर्यंत खरंच सगळं ठीक असतं.

घरातल्या आतल्या नेटवर्कला लॅन म्हणतात, त्यातला बिनवायरचा भाग म्हणजे डब्ल्यूलॅन, आणि राउटरच्या बाहेरची बाजू म्हणजे वॅन. राउटरच्या मागे बघा, एक पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो किंवा त्यावर वॅन नाहीतर इंटरनेट असं लिहिलेलं असतं, बाहेरून आलेली वायर तिथे लागते. फायबर असेल तर आधी एक छोटा डबा असतो, ओएनटी, तो प्रकाशाच्या सिग्नलचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करतो. जुन्या टेलिफोन लाइनवर सिग्नल बदलून द्यायचं असंच काम मोडेम करायचा. राउटर डेटा वाटून देतो, स्विच वायरवाली उपकरणं जोडतो आणि ॲक्सेस पॉइंट रेडिओ चालवतो. बहुतेक घरांत हे सगळं एकाच डब्यात असतं आणि आपण त्या डब्याला सरसकट राउटर म्हणतो, चालतं, पण आत कामं वेगवेगळी आहेत हे लक्षात असू द्या.

आता लगेच करून बघा. सेटिंग्जमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर टॅप केलं की तपशिलात गेटवे किंवा राउटर असा एक आकडा दिसतो, बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. तो ब्राउझरमध्ये टाका. राउटरचं लॉगिनचं पान आलं तर वायफाय शाबूत आहे, बिघाड पलीकडे आहे. तेही आलं नाही तर आधी अलीकडेच बघायचं. एवढी एक चाचणी केली तरी अर्धी शोधाशोध वाचते.

पायरी २ : नेटवर्कचं नाव, आणि नावामागचं नाव

यादीत जे नाव दिसतं ते एसएसआयडी. ते जास्तीत जास्त ३२ बाइटचं असू शकतं. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं पण देवनागरीतलं प्रत्येक अक्षर तीन बाइट घेतं, आणि काना-मात्रा वेगळे मोजले जातात, त्यामुळे मराठीत नाव ठेवायचं असेल तर साधारण दहा चिन्हांत बसवावं लागतं. काही जुनी उपकरणं ते नीट दाखवतही नाहीत, म्हणून प्रिंटर वगैरे जोडायचे असतील तर नाव साधं इंग्रजीतच ठेवा.

एकाच नावाचे दोन ॲक्सेस पॉइंट असले तर फोनला फरक कळतो बीएसएसआयडीवरून. हा त्या रेडिओचा मॅक ॲड्रेस, म्हणजे उपकरणाचा ओळख क्रमांक, ४८ बिटांचा, बारा अक्षर-आकड्यांत लिहिलेला. असा मॅक ॲड्रेस तुमच्या फोनलाही असतो. पण हल्लीचे फोन, म्हणजे अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून पुढचे, कुणी माग काढू नये म्हणून प्रत्येक नेटवर्कला वेगळाच बनावट मॅक दाखवतात. त्यामुळे राउटरमध्ये मॅक फिल्टर, म्हणजे ठरावीक मॅकनाच आत घ्यायची सोय, लावून ठेवला असेल आणि फोन अचानक आत येईनासा झाला तर कारण हे असू शकतं, त्या नेटवर्कपुरता तो पर्याय बंद करायचा.

आणि एसएसआयडी लपवून ठेवण्याबद्दल, पुष्कळ लोक सुरक्षा म्हणून ते करतात. काही उपयोग नाही. साध्या मोफत ॲपनेही अशी नेटवर्क दिसतात, आणि उलट तुमचा फोन बाहेर जाईल तिथे त्या नावाला हाका मारत फिरतो.

पायरी ३ : बँड

वायफाय मुख्यतः दोन बँडमध्ये, म्हणजे रेडिओलहरींच्या दोन पट्ट्यांत चालतं, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. नवीन उपकरणांत ६ गिगाहर्ट्झही असतो, पण तो किती वापरायला परवानगी आहे ते देशादेशाप्रमाणे बदलतं. २.४ च्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, ५ ची सहाच्या आसपास. व्यवहारात याचा अर्थ एवढाच की २.४ लांब जातो आणि भिंतीतून बऱ्यापैकी पार होतो, पण तिथे गर्दी भयंकर, कारण ब्लूटूथ, वायरलेस माउस, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच पट्ट्यात. ५ ला जागा भरपूर, वेग जास्त, पण दोन भिंती मध्ये आल्या की दम संपतो. म्हणून राउटर ज्या खोलीत आहे तिथे आणि शेजारच्या खोलीत ५, लांबच्या कोपऱ्यात २.४, असं धरून चाला.

दोन्ही बँडला एकच नाव दिलं असेल तर फोन आणि राउटर आपापसात ठरवतात कुठे बसायचं, याला बँड स्टिअरिंग म्हणतात. एरवी हे छान चालतं पण स्मार्ट बल्ब, कॅमेरा, प्लग असलं काही पहिल्यांदा जोडताना अडतं, कारण त्यातली बरीचशी उपकरणं फक्त २.४ वरच बोलतात आणि सेटअप करताना तुमचा फोन ५ वर बसलेला असतो. अशा वेळी राउटरमध्ये जाऊन थोड्या वेळासाठी ५ बंद करा, उपकरण जोडा, मग परत चालू करा.

पायरी ४ : चॅनल. इथे जरा थांबा

माझ्या मते नवीन माणसाने सगळ्यात नीट समजून घ्यावा असा शब्द हाच, कारण बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांचा निम्मा त्रास इथला असतो. बँडचे आत लहान लहान भाग पाडलेले असतात, तेच चॅनल. २.४ मध्ये बहुतेक ठिकाणी १ ते १३ असे चॅनल मिळतात, काही देशांत ११ पर्यंतच. गंमत अशी की दोन चॅनलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आहे पण वायफायला लागतात किमान २० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३ नंबरवर बसलेला राउटर १ पासून ५ पर्यंत सगळीकडे पसरतो. एकमेकांना न लागणारे असे तीनच उरतात, १, ६ आणि ११. म्हणून सगळे जाणकार हेच तीन सांगतात.

लोक काय करतात, वायफाय ॲनालायझरसारख्या ॲपमध्ये बघतात की १ वर गर्दी आहे आणि ६ वर पण आहे, मग मधला ३ किंवा ४ रिकामा दिसतो तो घेतात. हे सगळ्यात वाईट. का ते सांगतो. वायफाय म्हणजे एका खोलीत बसलेली माणसं, एका वेळी एकानेच बोलायचं, आणि बोलण्याआधी दुसरं कुणी बोलत नाहीये ना हे ऐकायचं. शेजाऱ्याचा राउटर तुमच्याच चॅनलवर असेल तर तुम्ही दोघं एकमेकांचं ऐकू शकता आणि पाळीपाळीने बोलता, वेग कमी होतो पण गोंधळ होत नाही. अर्धवट लागून असलेल्या चॅनलवर मात्र समोरचं बोलणं कळत नाही, नुसती खरखर ऐकू येते, पाळी ठरत नाही आणि डेटा परत परत पाठवावा लागतो. तेव्हा १, ६, ११ पैकी ज्याच्यावर जोरदार नेटवर्क कमी आहेत तोच घ्या, शेजारी तिथे असला तरी. आधी ऐकून मग बोलायच्या या पद्धतीला सीएसएमए-सीए म्हणतात, नाव विसरलात तरी चालेल पण तत्त्व विसरू नका. एका चॅनलवर जितकी उपकरणं जास्त तितकी प्रत्येकाची पाळी लहान, आणि लांबच्या कोपऱ्यातला एखादा कमजोर सिग्नलवाला जुना फोन हळूहळू बोलत सगळ्यांचा वेळ खातो.

चॅनलची रुंदी हा वेगळा शब्द. २०, ४०, ८०, १६० मेगाहर्ट्झ. रुंदी दुप्पट केली की वेग साधारण दुप्पट, पण जागाही दुप्पट लागते आणि बाहेरची खरखरही जास्त आत येते. २.४ ला डोळे मिटून २० ठेवा. ५ ला ८० ठीक. १६० जिथे शेजारी फारसे नाहीत तिथेच.

५ गिगाहर्ट्झमध्ये काही चॅनलवर डीएफएस लिहिलेलं असतं. तिथे हवामान किंवा विमानतळाच्या रडारना पहिला हक्क असतो. राउटरला असा चॅनल सुरू करण्याआधी किमान मिनिटभर गप्प राहून ऐकावं लागतं, आणि मध्येच रडार ऐकू आलं तर चॅनल सोडावा लागतो. राउटर चालू केल्यावर ५ चं नाव उशिरा दिसतं किंवा मध्येच गायब होतं तर बिघाड समजू नका, आधी चॅनल बघा, ३६ ते ४८ मधला घेऊन बघा, त्या चॅनलवर ही अट नसते.

पायरी ५ : सिग्नल मोजा, पट्ट्या मोजू नका

पट्ट्या किती दाखवायच्या हे प्रत्येक फोन कंपनी आपलं आपण ठरवते, त्यामुळे दोन फोनच्या पट्ट्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. खरा आकडा डीबीएममध्ये असतो आणि तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ३० म्हणजे राउटरला चिकटून बसलात. उणे ५० मस्त. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल निवांत चालतो. उणे ७० च्या खाली गेलं की ओढाताण सुरू, उणे ८० ला मेसेज जातील पण बाकी फार आशा ठेवू नका, आणि उणे ९० म्हणजे नसल्यात जमा. हे मोजमाप सरळ रेषेत वाढत नाही. ३ डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी, १० डीबी कमी म्हणजे एक दशांश. त्यामुळे उणे ६० आणि उणे ७० दिसायला जवळ वाटतात पण दहापटीचा फरक आहे.

वायफाय ॲनालायझर प्रकारचं ॲप टाका आणि घरभर हळूहळू फिरा, प्रत्येक खोलीत मिनिटभर थांबून आकडा लिहून ठेवा. मग राउटर जमिनीवरून उचलून उंचावर ठेवा, टीव्हीच्या मागून किंवा लोखंडी कपाटाच्या आडून बाहेर काढा, आणि परत फिरा. धातू, आरसा, पाणी भरलेली टाकी आणि सळ्यांचं काँक्रीट सिग्नल खूप अडवतात, लाकडी दार फारसं नाही. नवीन राउटर घ्यायच्या आधी हे करा असं मी कळकळीने सांगेन, नुसत्या जागा बदलल्याने खूप फरक पडतो.

सिग्नलबरोबर नॉइज हा शब्दही येतो, म्हणजे मागची खरखर. सिग्नल आणि नॉइज यांच्यातलं अंतर म्हणजे एसएनआर. सिग्नल उणे ६५ आणि नॉइज उणे ९० असेल तर २५ डीबी, चांगलं. सिग्नल चांगला दिसतोय तरी चालत नाही अशी तक्रार असते तेव्हा हे अंतर कमी झालेलं असतं किंवा चॅनलवर गर्दी असते.

पायरी ६ : स्पीडचे तीन वेगळे आकडे

कंपनी प्लॅन सांगते तो एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला किती मेगाबिट. डाउनलोड होताना दिसतं ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटने उतरते. कुणी फसवलेलं नाहीये.

दुसरा आकडा लिंक स्पीड, जो फोनच्या वायफाय तपशिलात दिसतो, ४३३ किंवा ८६६ असा. हा फक्त रेडिओचा त्या क्षणीचा वेग. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या आसपास किंवा थोडा जास्त हाती लागतो, कारण पाळीची वाट बघणं, पोच देणं यात वेळ जातो आणि एकाच चॅनलवर पाठवणं आणि घेणं एकाच वेळी होत नाही. हाती लागतो त्याला थ्रूपुट म्हणायचं. खोक्यावर एसी१२०० लिहिलेलं असतं ते तर दोन्ही बँडची बेरीज असते, ३०० अधिक ८६७, आणि तुमचा फोन सहसा एका वेळी एकाच बँडवर असतो.

तिसरा लेटन्सी, म्हणजे डेटा जाऊन उत्तर परत यायला किती वेळ लागला, मिलिसेकंदात. हे मोजायच्या चाचणीला पिंग म्हणतात. हा वेळ सारखा कमीजास्त होत असेल तर ते जिटर, आणि काही तुकडे पोचलेच नाहीत तर पॅकेट लॉस. कॉलवर आवाज तुटतो तो बहुतेक वेळा स्पीड कमी म्हणून नाही, या दोघांमुळे. कॉम्प्युटरवर आधी गेटवेला, म्हणजे पायरी १ मधल्या राउटरच्या आकड्याला पिंग करा, मग बाहेर ८.८.८.८ ला, हा गुगलच्या सर्व्हरचा पत्ता. गेटवेलाच वेळ वरखाली होत असेल तर दोष वायफायचा. तिथे २-५ मिलिसेकंद स्थिर आहे आणि बाहेर गडबड आहे तर कंपनीला फोन लावा.

पायरी ७ : ८०२.११ आणि वायफाय ४, ५, ६, ७

हे पटकन आटपू. मूळ मानक आयईईई या संस्थेचं, ८०२.११, १९९७ साली आलं तेव्हा वेग होता २ एमबीपीएस. पुढे शेवटी अक्षरं जोडत गेले, बी, जी, एन, एसी, एएक्स. सामान्य माणसाच्या डोक्यावरून जायला लागलं म्हणून २०१८ मध्ये वायफाय अलायन्सने सोपे नंबर दिले. एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६, आणि बीई म्हणजे ७. ६ई म्हणजे वायफाय ६ च, फक्त ६ गिगाहर्ट्झ बँडसकट. सगळे मागच्यांशी जुळवून घेतात, पण वायफाय ७ चा राउटर आणला आणि फोन वायफाय ५ चा असेल तर बोलणं ५ च्याच पद्धतीने होणार. अँटेनांच्या संख्येचंही तसंच, २×२ मायमो म्हणजे दोन पाठवायला दोन घ्यायला. राउटर ४×४ असला तरी फोन बहुधा २×२ असतो.

पायरी ८ : कनेक्टेड आहे पण इंटरनेट नाही

पासवर्ड बरोबर निघाला की फोन आधी राउटरशी जोडला जातो आणि मग त्याला पत्ता लागतो, तो आयपी ॲड्रेस. हा पत्ता वाटायचं काम करतो डीएचसीपी, राउटरमध्येच असतो. पत्ता ठरावीक मुदतीसाठी मिळतो, तिला लीज म्हणतात. मिळालेला पत्ता १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर घरातलं काम ठीक. कॉम्प्युटरवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर समजा की डीएचसीपीने उत्तरच दिलं नाही आणि मशीनने आपला आपण पत्ता लावून घेतला. मग नेटवर्क विसरा म्हणजे फरगेट करा, परत जोडा, नाहीतर राउटर रीस्टार्ट.

घरातले सगळे पत्ते खासगी असतात, बाहेर चालत नाहीत. राउटर स्वतःच्या एका बाहेरच्या पत्त्यावरून सगळ्यांची कामं करतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देतो, हे नॅट. आणि तुम्ही टाइप केलेल्या नावावरून साइटचा आकडी पत्ता शोधून देतो तो डीएनएस. ८.८.८.८ ला पिंग जातंय पण कुठलीच साइट नावाने उघडत नाही, तर डीएनएस बसलाय. वायफाय सेटिंगमध्ये डीएनएस हाताने ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकून बघा.

पायरी ९ : कुलूप कुठलं लावायचं

राउटरच्या सुरक्षेच्या पानावर डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ अशी यादी असते. डब्ल्यूईपी २००१ मध्येच फोडलं गेलं, त्याला हातही लावू नका. डब्ल्यूपीए २००३ मध्ये तात्पुरती सोय म्हणून आलं होतं, तेही नको. डब्ल्यूपीए२ एईएससह (एईएस म्हणजे डेटा सांकेतिक करायची पद्धत) किमान, आणि सगळी उपकरणं साथ देत असतील तर २०१८ मध्ये आलेलं डब्ल्यूपीए३. फरक असा की डब्ल्यूपीए२ मध्ये कुणी तुमच्या जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण पकडली तर घरी नेऊन निवांत लाखो पासवर्ड लावून बघू शकतो, डब्ल्यूपीए३ मध्ये तसं करता येत नाही. म्हणून डब्ल्यूपीए२ वर असाल तर पासवर्ड लांब ठेवा, ८ ते ६३ अक्षरं चालतात, चार-पाच असंबद्ध शब्द जोडलेत तरी छान. मोबाइल नंबर ठेवू नका, दहा आकडे लावून बघायला मशीनला फार वेळ लागत नाही.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, तिचा पिन बंद करा. आठ आकडी दिसतो पण तो दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा नुसता ताळा असतो, त्यामुळे फक्त ११,००० वेळा प्रयत्न केला की सापडतो. हे २०११ पासून जगजाहीर आहे.

वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या सेटिंगचा ॲडमिन पासवर्ड वेगळा. दुसरा बदलायचा राहून जातो, खालच्या स्टिकरवर असतो तोच चालू राहतो, तो आजच बदला. फर्मवेअरचं, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट दिसलं तर घ्या, २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ मधली क्रॅक नावाची चूक सापडली तेव्हा उपाय अपडेटच होता. पाहुण्यांसाठी आणि स्मार्ट बल्बसारख्या वस्तूंसाठी गेस्ट नेटवर्क चालू करा, त्यात आलेल्यांना बाहेरचं इंटरनेट मिळतं पण तुमचे कॉम्प्युटर दिसत नाहीत.

पायरी १० : लांबच्या खोलीचं काय

रिपीटर किंवा एक्स्टेंडर म्हणजे सिग्नल ऐकून परत पाठवणारा डबा. एकाच रेडिओवर ऐकणं आणि पाठवणं दोन्ही करतो म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. राउटरपासून वायर ओढून पलीकडे ॲक्सेस पॉइंट लावला तर हा तोटा नाही, शक्य असेल तर हाच मार्ग उत्तम. मेश म्हणजे दोन-तीन डबे एकाच नावाने, एकमेकांशी बोलून चालणारे, त्यांच्यातल्या आपसातल्या जोडणीला बॅकहॉल म्हणतात. ती वायरने असली तर फारच छान, आणि बिनवायरची असेल तर त्यासाठी वेगळा रेडिओ असलेला म्हणजे ट्राय-बँड संच बघा.

चालता चालता फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर जातो ते रोमिंग. हा निर्णय राउटर घेत नाही, फोन घेतो, आणि काही फोन जुन्या डब्याला चिकटून बसतात, सिग्नल उणे ८० झाला तरी. अशा वेळी डब्यांचा पॉवर थोडा कमी केला तर फोन लवकर सोडतो. आणि दुसरा डबा लावताना सगळे एक चूक करतात, जिथे सिग्नल अजिबात येत नाही तिथेच नेऊन ठेवतात. त्या डब्याला स्वतःलाच सिग्नल मिळत नसेल तर तो पुढे काय पाठवणार. पायरी ५ मध्ये लिहिलेले आकडे काढा, जिथे अजून उणे ६५ च्या आसपास मिळतंय ती जागा शोधा, आणि डबा तिथे ठेवा.